कांदाकाढणीतल्या तीन फेऱ्या

परवा सकाळी खिडकी उघडली आणि कांद्याचा वास घरात आला. नुकत्याच उपटलेल्या, मुळांना अजून ओली माती असलेल्या कांद्याचा. आमच्या घोडेगावच्या घरामागं आता प्लॉट पडलेत, तरी पलीकडं दोन वावरं शिल्लक आहेत. तिथं बायका ओळीनं बसून पात कापत होत्या. विळ्यांचा कचकच आवाज, मधूनच कुणाचं तरी मोठ्यानं हसणं, आणि सकाळी सकाळीच तापायला लागलेलं चैत्राचं ऊन. मी खिडकी लावून घेतली. तरी वास आलाच.

हा वास मला आवडायचा एके काळी. माझ्या लहानपणी याच दिवसांत शाळा सकाळची व्हायची, आणि दुपारी आम्ही बांधावर बसून कोवळ्या पातीच्या पिपाण्या करून वाजवायचो. आता मात्र तो आला की मला बोरी बुद्रुकमधलं एक घर आठवतं. त्या घरात मी तीनदा गेले. तिन्ही वेळा कांदा निघत होता.

मी तेव्हा पुण्यातल्या एका संस्थेच्या पाहणीवर होते. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ती सुरू झाली. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतली काही घरं निवडायची, आणि काही वर्षांच्या अंतरानं पुन्हा पुन्हा त्याच घरांत जाऊन त्याच माणसांना तेच प्रश्न विचारायचे, असं ते काम. कोण कोणाबरोबर राहतं, लेक माहेरी कधी येते, आजारपणात कोण उशाशी बसतं, म्हातारपणी कोणाचा आधार वाटतो. घरातलं कोणी लग्न होऊन किंवा कामधंद्याला बाहेर गेलं, तर त्याचाही माग काढायचा आणि त्यालाही तेच विचारायचं. आमचे मोठे सर सांगायचे की एकदा विचारलं तर माणूस बरं दिसेल तेवढंच सांगतो, पण पिढ्यान्‌पिढ्या विचारत राहिलं की घराचं खरं रूप बाहेर येतं. ऋतूही दर वेळी तोच हवा, म्हणजे तुलना नीट होते. पुण्यात बसून त्यांनी उन्हाळा ठरवला. उन्हाळ्यात बोरीला घरी कोणीच सापडत नाही, सगळं गाव वावरात असतं, हे आम्हाला तिथं गेल्यावर कळलं. मग आम्ही वाफ्यात बसूनच प्रश्न विचारायला लागलो.

पहिल्या फेरीत त्या घरात भागाबाईंचं राज्य होतं. साठीच्या आसपासची, उंच, काटक बाई. नवरा लवकर गेलेला. कुकडीच्या पाण्यावर तिनं एकटीनं मळा उभा केला होता, आणि ते तिच्या चालण्यात दिसायचं. मुलगा दत्तू तिच्यापुढं मान वर करायचा नाही. मुलगी शांता आंबेगाव तालुक्यात शिनोलीला दिलेली. सून विमल आण्याची. आणे वर पठारावर, कोरडं. तिच्या बापाला बागायतदाराच्या घरात लेक पडली याचं कोण कौतुक होतं. बोरीच्या वावरात उभं राहिलं की पूर्वेला पठाराची कड दिसते. विमलला रोज दिसत असणार.

मी विमलला आंब्याखाली बसवून प्रश्न विचारत होते. तिच्या बोटांना कांद्याचा चीक लागून ती काळी पडली होती. पदरानं पुसत ती उत्तरं देत होती. सात-आठ वर्षांची तिची सुरेखा मांडीला टेकून बसलेली.

"आई-वडील आहेत?"

"आई न्हाई. वडील हायेत. पर लई आजारी हायेत. मागल्या हप्त्यात भाऊ न्यायला आला व्हता."

"मग गेला नाहीत?"

तिनं उत्तर द्यायच्या आधी वाफ्यातून भागाबाईंचा आवाज आला. "दिवाळीला जाऊन आली की ती! लिवा तसं. आमी काय माहेर तोडलंय का तिचं?"

विमल सासूकडं नजर टाकून हळूच म्हणाली, "आत्याबाईंनी भावाला च्या पाजला, गोड बोलल्या. म्हणल्या, कांदा साठवणीला बराखीत पडला की लावून देते. भाऊ गेला परत."

तेवढ्यात बांधावर एक मोटारसायकल थांबली. गाडीवरचा माणूस खाली उतरला, पण वावरात आला नाही. भागाबाई लगबगीनं त्याच्याकडं गेल्या. दोघं काहीतरी बोलले. माणसानं आमच्या दिशेनं पाहिलं, मान हलवली, आणि गाडी वळवून निघून गेला. भागाबाई परत आल्या आणि म्हणाल्या, "पावणं व्हतं. कांद्याचं बी इचारत व्हतं. विमल, झालं का तुमचं? ऊठ, पलीकडचा वाफा धर."

विमल उठली. दुसऱ्या दिवशी दत्तूचे प्रश्न राहिले होते म्हणून मी गेले, तर ती नव्हती.

"आण्याला गेलीय," भागाबाई म्हणाल्या. "बाप गेला तिचा. काल सकाळीच."

मला काही सुधरेना. "काल? मग तो मोटारसायकलवाला..."

"निरोपच घिऊन आला व्हता तो."

"आणि तुम्ही तिला सांगितलं नाहीत?"

त्यांनी हातातला कांदा ढिगावर टाकला. "सांगून काय, उठून बसणार व्हता का तो? बायका लावल्यात, वर वळवाचं आभाळ. भिजला असता माल. दिवस मावळल्यावर सांगितलं. रडली, आज गेली. माझा बाप गेला तवा मला तर तेराव्याला लावून दिली व्हती."

हे त्या कुठल्याही ओशाळलेपणाशिवाय बोलल्या. उलट आपण सुनेला लवकरच पाठवलं, असाच सूर होता. दत्तू शेजारीच पोत्याला सुतळी बांधत होता. त्याला विचारायचे प्रश्न मी विचारले, त्यानं उत्तरं दिली. आदल्या दिवशी मी विमलच्या उत्तरात वडील हयात असं लिहिलं होतं. मी लिहीत होते तेव्हा वर पठारावर त्यांना घराबाहेर काढत असतील.

चार दिवसांनी विमल मला एसटीच्या थांब्यावर दिसली, आण्याहून परतताना. डोळे सुजलेले, पण आवाज कोरडा. म्हणाली, "मी गेले तवा सगळं झालं व्हतं. भावानं तोंडाकडं बघितलं न्हाई माझ्या. म्हणला, तुला बापापरीस कांदा मोठा झाला."

"त्याला सांगायचं ना, की तुम्हाला कळवलंच नाही."

"काय सांगू? सासरचीच अब्रू जायची." मग थोडं थांबून, "आता बोलवणार न्हाई तो. सुटलं माहेर."

आणि खरंच त्यानंतर भावानं तिला कधी दिवाळीला नेलं नाही.

या दिवसांतलं ऊन मला कधी कधी फार सुंदर वाटतं, हेही सांगायला हवं. दुपारी सगळं पांढरं होतं. कडुलिंबाचा बारीक मोहोर वाऱ्यावर येऊन उपटलेल्या कांद्यांवर पडतो. संध्याकाळी ढिगांवर पात पांघरतात तेव्हा लाल कांदा आणि वाळकी पात यांवर तिरपा उजेड येतो, आणि माणसं इतकी दमलेली असतात की कुणी कुणाशी बोलत नाही. बाहेरून बघणाऱ्याला ती शांतता समाधानाची वाटेल. मलाही बरेच दिवस वाटायची.

दुसऱ्या फेरीला मी गेले तेव्हा दोन हजार साल उलटून गेलं होतं. मळ्यात ठिबक आलं होतं, घराला पत्र्याऐवजी स्लॅब पडला होता. भागाबाईंना लकवा झाला होता. डावी बाजू पूर्ण गेलेली, बोलणं जड झालेलं, पण डोकं शाबूत. मागच्या पडवीत त्यांची खाट होती. खोली झाडलेली, चादर धुतलेली, केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घातलेला. गावात शिरताना दोघी-तिघींनी मला सांगितलं होतं, सून असावी तर विमलसारखी. एवढी वर्षं पडलीय म्हातारी, पण अंगाला जखम न्हाई.

मी खाटेजवळ स्टूल घेऊन बसले. खाट भिंतीकडं तोंड करून लावलेली होती. दार, अंगण, रस्ता सगळं पाठीमागं.

"तुम्हाला अंघोळ कोण घालतं?"

"इमल."

"जेवण कोण देतं?"

"इमल. येळेवर."

"घरातल्या माणसांशी रोज बोलणं होतं?"

भागाबाईंनी धडधाकट उजवा हात उचलला आणि तोंडावर धरला. काहीतरी म्हणाल्या, ते मला समजलं नाही. दारात सुरेखा उभी होती, आता चौदा वर्षांची झालेली. ती पटकन म्हणाली, "आजी म्हणती, हितं कुनी बोलत न्हाई तिच्याशी. आई तर..."

"सुरे!" स्वयंपाकघरातून विमलचा आवाज आला. मोठा नव्हता. पोरगी दारातून नाहीशी झाली.

मग हळूहळू, तुटक शब्दांत, भागाबाईंनी सांगितलं. आजारी पडल्यापासून विमलनं त्यांच्याशी एकही शब्द उच्चारला नव्हता. ताट येतं, ताट जातं. कूस बदलून दिली जाते. पाणी मागितलं की पाणी मिळतं. पण तोंडातून हं नाही की चूं नाही. दत्तू सकाळी दारातून डोकावून जातो. म्हणाल्या, "शिवी दिली असती तरी चाललं असतं."

मी पुढचा प्रश्न वाचला. तो वाचायलाच हवा होता. "मुलगी भेटायला येते?"

"न्हाई येत. येती म्हंजी, आली तरी इमल भेटू देत न्हाई. आवाज येतो मला तिचा. हाका मारते मी. बाहेर जात न्हाई आवाज."

मी बाहेर येऊन विमलपाशी बसले. तिची प्रश्नावली भरायची होती. आता तिच्या कमरेला किल्ल्या होत्या आणि वावरातल्या बायका तिला विचारून पाणी प्यायला उठत होत्या. मी म्हटलं, "सासूबाईंशी बोलत नाही तुम्ही?"

"हा प्रश्न हाय का तुमच्यात?"

"नाही."

"मग जो हाय तो इचारा."

आम्ही अर्ध्यावर आलो असू, तर अंगणात शांता आली. शिनोलीहून दोन एसट्या बदलून आलेली, हातात पिशवी, कपाळावर घाम. विमल उठली, पाणी दिलं, आणि इतक्या मऊ आवाजात बोलली की मी चमकून पाहिलं. "वन्सं, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. रातभर झोप नव्हती. बसा, च्या टाकते."

शांता ओट्यावर बसली. आतून एक घोगरा, फुटका आवाज आला. शांतानं तो ऐकला की नाही कोण जाणे, तिनं पिशवीतून मुलांसाठी आणलेले बिस्किटाचे पुडे काढले.

मला राहवलं नाही. "जाग्या आहेत त्या," मी म्हटलं. "मी आत्ता बोलून आले त्यांच्याशी."

विमलनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. मग ती बाजूला झाली आणि म्हणाली, "जावा की मग, वन्सं."

शांता आत गेली. रडण्याचा आवाज आला, दोघींचा. मी मनातून खूश झाले होते. काहीतरी चांगलं घडवल्यासारखं वाटत होतं. भागाबाई अडखळत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, आणि ते मला अंगणातून कळत होतं. मला घिऊन चल. मला घिऊन चल, शांते.

विमल पडवीच्या दारात जाऊन उभी राहिली. "न्या की, वन्सं," ती म्हणाली. "म्हातारीचा जीव तुमच्यात हाय. गाडी बोलावते मी. खाट-बिट सगळं देते."



"आवं, तसं न्हाई वहिनी," शांताचा आवाज आला. "आमच्याकडं कुठं जागा? दोनच खोल्या. आन आमच्या सासूबाई, त्यांचं करता करताच... ह्यांना न्हाई चालायचं ते. हितं कशी लई छान ठेवलीय तुमी. हितंच बरी हाय ती."

भागाबाईंचा आवाज आला नाही. शांता चहा न घेता निघाली. अंगण ओलांडताना ती मला म्हणाली, "तुमाला काय पडलं व्हतं, बाई?" आणि रस्त्याला लागली.

मी कागद आवरत होते. विमल समोर येऊन बसली, कांद्याची टोपली पुढं ओढली आणि पात कापायला लागली. खाली बघतच म्हणाली, "शांतावन्संना मी पयल्याच वर्षी इचारलं व्हतं, नेता का म्हणून. तवाच म्हणल्या व्हत्या, न्हाई. म्हणून बाहेरच्या बाहेर लावून देत व्हते. म्हातारीला वाटायचं, सून भेटू देत न्हाई. लेकीवर तरी जीव व्हता तिचा. आता तुमी तेबी काढून घेतलं."

तिचं हे खरं होतं का, की तिला हवं तेच माझ्या हातून झालं होतं? मला तेव्हा ठरवता आलं नाही. आजही येत नाही. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण विळा एका लयीत चालला होता, आणि आतल्या खोलीत कुणी रडतंय याकडं तिनं एकदाही कान दिला नाही.

पुण्याला सगळी उत्तरं जमा झाली, त्यांची बेरीज-तुलना झाली. एका बैठकीत भक्कम नात्यांची घरं म्हणून काही घरांचा उल्लेख झाला, त्यात हे होतं. एकाच छपराखाली तीन पिढ्या, एक चूल, आजारी माणसाची रोजची शुश्रूषा घरातच, गावात सुनेचं नाव. प्रत्येक उत्तर खरं होतं. ती मीच लिहून आणली होती. मी घरी आले तेव्हा माझी आई टीव्हीसमोर बसून मटार सोलत होती. मी शेजारी बसले आणि सोलायला लागले. बोलण्यासारखं बरंच होतं. मालिकेचा तो भाग संपेपर्यंत आम्ही काही बोललो नाही.

तिसऱ्या फेरीच्या वेळी दशक संपत आलं होतं. भागाबाई जाऊन काही वर्षं झाली होती. सुरेखाचं लग्न झालं होतं, म्हणजे नियमाप्रमाणे तिचाही माग काढायचा होता. बोरीतून पत्ता मिळाला तो पिंपरीतल्या एका चाळीचा. तिथं गेले तर कुलूप होतं. शेजारणीनं सांगितलं, नवऱ्याची कंपनी बंद पडली, दोघं गावाकडं गेली. विचारत विचारत ती मला सापडली मंचरला. बाजाराच्या मागच्या गल्लीत नवरा विहिरींवरच्या जळक्या मोटारींचं वाइंडिंग भरून द्यायचं दुकान चालवत होता, वर एक खोली. बोरीहून एसटीनं तासाभराचं अंतर.

तिनं मला लगेच ओळखलं. खोलीत साडीच्या झोळीत एक तान्ही मुलगी झोपलेली. सुरेखा एका हातानं दोरी ओढत उत्तरं देत होती.

"आईला शेवटचं कधी भेटलात?"

"लग्नात."

"फोन होतो?"

"न्हाई. नंबर दिलाच न्हाई मी. हितं ऱ्हाते हेबी म्हाईत न्हाई कुणाला."

हे विचारायचं नव्हतं, तरी मी विचारलं. "का?"

तिनं झोळी थांबवली. "आजी पडून व्हती तवा आईनं मला सांगितलं व्हतं, तिच्याशी बोललीस तर मीबी तुझ्याशी बोलणार न्हाई. लहान व्हते, भ्याले. मी ताट ठेवायची आन यायची. आजी सुरे सुरे करायची. मी न्हाई बोलले. तिनं शेवटी हाक मारायचंच सोडलं. गेली त्या दिवशी मी शाळेतनं आले, तर आई दारात उभी. म्हणली, जा, बोल आता तिच्याशी काय बोलायचं ते."

झोळीतली मुलगी हलली. सुरेखानं पुन्हा दोरी धरली.

"आईला माझा पत्ता द्यायचा न्हाई. तुमी कुणाचं काय कुणाला सांगत न्हाई ना?"

"नाही सांगत."

"सांगू नका."

दोन दिवसांनी मी बोरीला गेले. कांदा निघाला होता. विमलचे केस पिकले होते, गुडघे धरले होते. थोरला मुलगा गणेश याचं लग्न होऊन वर्ष झालेलं. सून अश्विनी ओट्यावर मोबाइल घेऊन बसली होती आणि विमल बायकांबरोबर पात कापत होती. मी तिच्या शेजारीच बसले.

"मुलगी कुठं असते?"

"पिंपरीला. चांगलं चाललंय तिचं. जावई परमनंट हायेत."

"बोलणं होतं?"

"दर रविवारी फोन येतो." तिनं ताठ मानेनं सांगितलं. शेजारच्या बायकांना ऐकू जाईल असं.

ओट्यावरून अश्विनी हसली. "कुणाचा फोन, आत्याबाई? आमाला तर कधी दिसला न्हाई." कापणाऱ्या बायकांचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू झाले. विमलनं मान वर केली नाही. मी लिहिलं, दर रविवारी.

निघाले तेव्हा ती माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आली. इतक्या वर्षांत ती कधी आली नव्हती. बांधाशी थांबून तिनं पदरानं बोटं पुसली.

"ताई, तुमी तर समद्यांचा माग काढता. पिंपरीची खोली सोडली तिनं, गणेश जाऊन आला. कुठं हाय ते नका सांगू. तिला पोर झालं का, एवढंच सांगा."

मला ती झोळी दिसत होती, दोरीला बांधलेलं लाल फडकं, आणि बाहेर लोंबणारा तो एवढासा पाय. मी म्हटलं, "मला काही सांगता येत नाही, विमलताई. कुणाचंच सांगता येत नाही."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिचा चेहरा सावकाश बदलला. ती खाली बांधावर बसली.

"म्हंजी भेटली," ती म्हणाली. "भेटली, आन सांगू नका म्हणली."

पलीकडून ओट्यावरून अश्विनीनं हाक मारली, बायकांना चहा कोण करणार म्हणून. विमल गुडघ्यावर हात देऊन उठली आणि घराकडं चालायला लागली. माझी एसटी आली. संध्याकाळी गाडी मंचरच्या स्टँडवर, सुरेखाच्या गल्लीपासून जवळच, बराच वेळ थांबली. मी खिडकीपाशी बसून राहिले, उतरले नाही.